मेंढरांना पास, शेळ्यांना काठावर, म्हशींना नापास : एका हर्डिंग ट्रेनिंगचा रिव्ह्यू

फार्मचं नाव टाकत नाही. मालक ओळखीतला माणूस आहे आणि पुढं जे लिहिणार आहे त्यात चांगलं पण आहे आणि वाईट पण, उगाच संबंध बिघडायला नकोत. कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या बाजूला गेलं की लागतो एवढंच सांगतो. तिथं कुत्र्यांना जनावरं हाकायला शिकवतात, म्हणजे बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड असली कुत्री घेऊन जायची आणि सोबत आपण पण शिकायचं. जाहिरातीत लिहिलंय की शेळी, मेंढी, गाय, म्हैस, बदक, एकच कुत्रा सगळं काम करणार. या एका वाक्यासाठी हा सगळा रिव्ह्यू आहे असं समजा.

आमच्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत, चार पैसे दुधाचे यावेत म्हणून मुऱ्हा म्हशी आहेत, आणि भाच्यानं रील बघून आणलेली एक बॉर्डर कॉली आहे, राणी नावाची. ही जात म्हणजे बिनकामाची बसली की घरादाराला कामाला लावणारी. अंगणात खेळणारी पोरं गोळा करून कोपऱ्यात नेऊन उभी करायची, दूधवाल्याच्या गाडीच्या चाकाला आडवी जायची, कोंबड्या तर सकाळपासून कण्हेरीच्या खाली एकाच जागी दाबून ठेवायची, त्या बिचाऱ्या अंडी द्यायच्या विसरल्या. शेवटी वहिनी म्हणाली हिला एकतर काम द्या नाहीतर मला माहेरी सोडा. म्हणून हे ट्रेनिंग. फी साधारण एका चांगल्या गाभण शेळीच्या किमतीएवढी, कुत्र्याचं राहणं-खाणं त्यात धरलेलं नाही ते वेगळं, आणि हे आधी सांगत नाहीत हे लक्षात ठेवा.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच चांगलं आहे.

सुरुवातीला कुत्र्याला हातच लावू देत नाहीत. ट्रेनर दादा म्हणतो कुत्रं बांधा तिकडं झाडाला आणि तुम्ही स्वतः चाला मेंढरांजवळ. मला वाटलं आपण काय शाळकरी पोरं आहे का, पण नंतर कळलं सगळा विषय तिथंच आहे. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतंय, तेवढ्या जवळ कोणी आलं की ते सरकणारच, त्याच्या बाहेर असलं की ते नुसतं बघत राहणार. एकदम आत घुसलात तर बुजून कुठंही पळणार, आणि मग तुमचा अंदाज संपला. दुसरी गोष्ट खांद्याची. जनावराच्या खांद्याच्या मागच्या बाजूनं तुम्ही पुढं सरकलात की ते पुढं चालतंय, खांद्याच्या पुढं गेलात की थांबतंय नाहीतर मागं वळतंय. बस एवढंच. पण करून बघितलं की डोकं गरगरतंय, कारण आपल्याला सवय असते मागून हाऽऽ हुऽऽ करत काठी आपटायची. दादा एक पाऊल उजवीकडं टाकतो आणि सगळी मेंढरं डावीकडं वळतात, तोंडातून शब्द नाही. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन बाईंनी जनावरांच्या या वागण्यावर आयुष्यभर काम केलंय, तिकडचे बरेच कत्तलखाने आणि गुरांचे कोंडवाडे त्यांच्या डिझाइननं बांधलेत, हे दादानंच सांगितलं. नुसत्या या भागाचे पैसे घेतले असते तरी मी दिले असते. घरी येऊन गोठ्याच्या दारात हेच केलं तर म्हशी बांधायला निम्मा वेळ लागतोय आता, कुत्र्याचा संबंधच नाही.

मग बदकं. हो, बदकं. लोक हसतात पण नवीन कुत्र्याला बदकांवर शिकवणं ही जगभरची पद्धत आहे, कारण बदकं घोळका सोडत नाहीत, फार जोरात पळत नाहीत आणि कुत्र्याला लाथ मारू शकत नाहीत. परदेशात त्यासाठी ताठ उभं राहून चालणारी इंडियन रनर जातीची बदकं वापरतात, नावात इंडियन असलं तरी ती मूळची इंडोनेशियाकडची. इथं आपली साधी गावठी बदकं होती आणि कुत्र्याला कळायचं तेवढं त्यातनं कळतं. राणी पहिल्यांदा सोडली तेव्हा ती पोट जमिनीला टेकवून, मान खाली, एक पाय अर्धा उचललेला, अशी जागच्या जागी गोठली आणि नुसती बघत राहिली, आणि बदकं तिच्या त्या नजरेनंच सरकायला लागली. भुंकणं नाही काही नाही. भाचा तर व्हिडिओ काढायचा विसरला, यावरून काय ते समजा.

ही नजर म्हणजे काय हे दादानं लय भारी सांगितलं. लांडगा शिकार करतो त्याच्या पायऱ्या असतात, आधी नजर लावायची, मग दबकत जायचं, मग पाठलाग, मग धरायचं, मग मारायचं आणि शेवटी फाडून खायचं. माणसानं शेकडो वर्षं निवडून निवडून कुत्री अशी तयार केली की कुठल्या जातीत कुठली पायरी ठेवायची आणि कुठली पुसायची. बॉर्डर कॉलीत नजर, दबकणं आणि पाठलाग ठासून भरलाय, पुढचं सगळं दाबून टाकलंय. आपल्या मुधोळ हाउंडमध्ये पाठलाग आणि धरणं दोन्ही शाबूत, म्हणून तो ससा धरायला वाघ, पण त्याला शेळ्या राखायला सोडलं तर काय होईल ते मी सांगायला नको. (आमच्या गल्लीत एकजण मुधोळला हर्डिंग शिकवायचं का म्हणून विचारत होता. नको रे भावा.)

मेंढरांवर कॉली म्हणजे नाद खुळा, त्यात वादच नाही. लांबून मोठा गोल घेत मेंढरांच्या पलीकडं जाते, तिथं थांबते, मेंढरांना हळूच जागचं हलवते आणि मालकाकडं घेऊन येते. हुकूम तिथं इंग्रजीतच शिकवतात, कम बाय म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, अवे म्हणजे उलटं, लाय डाऊन म्हणजे आहे तिथं बस, आणि दॅटल डू म्हणजे झालं काम, चल परत. मी म्हटलं मराठीत शिकवा की, तर म्हणाले कुत्र्याला भाषा नसते, तुम्ही काहीही शब्द ठेवा फक्त बदलू नका. मग आम्ही बस आणि पुरे हे दोन मराठी ठेवलेत, बाकीचे तसेच. ऑफिसात भिंतीवर ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्याचा फोटो लावलाय, १८९३ ला इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मला, अ‍ॅडम टेल्फर म्हणून मालक होता, आणि आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉली त्याच्याच वंशातल्या. त्याची खासियत काय तर तो शांत होता, भुंकायचा नाही, चावायचा नाही, नुसत्या नजरेवर मेंढरं हलवायचा. तिकडं या कुत्र्यांच्या स्पर्धा त्याच्याही आधीपासनं, वेल्समधल्या बाला गावात १८७३ साली झाली होती, आपल्याकडं बैलगाडीच्या शर्यतीला गर्दी होते तशी तिथं याला होत असणार.

पण मेंढरू आणि शेळी यात फरक आहे, आणि इथंच ट्रेनिंग ढेपाळायला लागतं.

मेंढराला भीती वाटली की ते दुसऱ्या मेंढरात घुसतं. शेळीला भीती वाटली की ती आधी वळून बघते. आमच्या उस्मानाबादी शेळ्या आम्ही टेम्पोत घालून तिथं नेल्या होत्या कारण ते म्हणाले आपलीच जनावरं आणा. त्यातली एक पुढारी शेळी आहे, कानाला पांढरा ठिपका, तिला आम्ही सरपंच म्हणतो. राणीनं नेहमीसारखी नजर लावली. बाकीच्या शेळ्या दोन्ही बाजूला पांगल्या, दोन दगडाच्या गडग्यावर चढल्या, एक बाभळीला पुढचे पाय लावून शेंगा खायला लागली, आणि सरपंच मात्र जागची हलली नाही. पुढचा पाय जमिनीवर आपटला, नाकातून फुस्स केलं आणि मान खाली घालून शिंगं समोर. राणी बघत राहिली, शेळी बघत राहिली, आणि बराच वेळ झाल्यावर राणीनं नजर बाजूला वळवली. तिथं खेळ खलास. कुत्र्यानं एकदा नजर काढली की शेळीला कळतं हे नुसतं दिखाऊ आहे, त्या दिवशी मग एकही शेळी तिला जुमानेना.

दादाचं म्हणणं शेळ्यांना वेळ द्यावा लागतो, कुत्र्यानं लांब राहून दोन्ही बाजूंनी सारखं जात-येत राहायचं, आत घुसायचं नाही, आणि पुढारी शेळी वळली की बाकीच्या आपोआप येतात. बरोबर आहे, पुढं पुढं थोडंफार जमलं पण. पण कोर्समध्ये मेंढरं आणि शेळ्या यांना एकच वेळापत्रक, एकच रिंगण, एकच पद्धत. शेळी उंचावर चढते, कुंपणाखालून निघते, पाला ओरबाडत फिरते, तिला रिंगणात शिकवून माळावर उपयोग काय? पिल्लं असलेल्या शेळ्यांवर तर कुत्रं सोडूच नये असं मला वाटतं, आणि गाभण जनावर पळवलं तर गाभ पडायची भीती असते, हे त्यांनी स्वतःहून सांगायला पाहिजे होतं, आम्ही विचारल्यावर सांगितलं.

आता म्हशी. हसून हसून पोट दुखेल म्हणून आधीच सांगतो.

फार्मवरच्या म्हशी होत्या, आमच्या नव्हत्या. राणी गेली, दबकली, नजर लावली. म्हशी रवंथ करत होत्या त्या करतच राहिल्या. राणी अजून पुढं सरकली. मग एकीनं मान वर केली, दुसरीनं केली, आणि सगळ्या उठून तिच्याकडंच चालत आल्या, लग्नाच्या मांडवात अनोळखी पाव्हणा आला की बायका जशा गोळा होऊन निरखून बघतात अगदी तशा, नाकं पुढं काढून हुंगत हुंगत. राणी एक पाऊल मागं, म्हशी एक पाऊल पुढं. शेवटी कोण कुणाला हाकतंय हेच कळेना. त्यातल्या एकीचं रेडकू मागं होतं, ती मात्र हुंगायला आली नव्हती, ती सरळ मुंडी खाली घालून धावली आणि राणी तारेखालून बाहेर. दादा म्हणाला हिच्यात पॉवर कमी आहे. अहो दादा, पॉवर कमी नाही, काम वेगळं आहे.

गुरांवर काम करणारी कुत्री वेगळीच असतात. ऑस्ट्रेलियात १९व्या शतकात न्यू साऊथ वेल्सकडं लोकांनी हाकणाऱ्या कुत्र्यांत तिथला रानटी डिंगो मिसळून ब्लू हीलर तयार केला, ती जात गुराच्या मागं जाऊन खुराच्या वर कडाडून चावते, आणि तेही ज्या पायावर भार आहे त्याच पायाला, म्हणजे लाथ लगेच बसत नाही, आणि चावल्या चावल्या जमिनीला चिकटते, लाथ डोक्यावरून जाते. इंग्लंडच्या राणीची ती आखूड पायाची कॉर्गी आठवते का, ती पण मूळची वेल्समधली गुरं हाकणारी, बुटकी असल्याचा फायदा हाच. म्हणजे शिकारीच्या पायऱ्यांत इथं नजरेपेक्षा चावा महत्त्वाचा ठेवलाय. न्यूझीलंडला तर हंटअवे म्हणून जात आहे ती डोंगरावर मेंढरं नुसती भुंकून भुंकून हलवते, कॉलीच्या बरोबर उलटं. आणि ऑस्ट्रेलियाची केल्पी कोंडवाड्यात मेंढरं दाटली की त्यांच्या पाठीवरून पळत जाते पुढची मोकळी करायला. एवढं सगळं वेगवेगळं असताना एकच कुत्रा सगळं काम हे कुठून आलं?

आणि मुळात आपल्याकडं म्हैस मागून हाकायची गरज किती आहे? कोल्हापूरची म्हैस मालकाच्या मागं येते. दिवाळीत म्हशी सजवून पळवतात तेव्हा बघा, मालक पुढं मोटारसायकलवर रेस करतोय आणि म्हैस मागं धावतेय, ना दोरी ना काठी. ते कुठल्या कॉलीला जमणार आहे का? दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढून देतात, एवढ्या गर्दीत म्हैस शांत उभी असते. अशा जनावरामागं कुत्रं लावलं तर ते बुजणार आणि पान्हा चोरणार, तोटा आपलाच.

आता मला जे खरं खटकलं ते. तिथं असताना शेजारच्या तोडलेल्या उसाच्या रानात एका धनगर मामांची मेंढरं बसवली होती, शेतकरी खतासाठी बसवतात ना तशी. संध्याकाळी वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं आत, आणि दोन कुत्री बाहेर पडलेली, धुळीच्याच रंगाची. मी म्हटलं मामा तुमची कुत्री मेंढरं वळवत नाहीत? ते म्हणाले वळवायला मी आहे की, पुढं मी चालतो, माझ्या मागं शेळी, शेळीच्या मागं बकरी, मागं पोरगं असतंय. कुत्र्याचं काम रातचं, लांडगा आला तर. (मेंढरांना ते बकरी म्हणतात, नवख्या माणसाचा गोंधळ होतो.) म्हणजे आपल्याकडचा मेंढपाळ पुढं चालतो आणि कळप मागं येतो, स्कॉटलंडसारखी डोंगरभर मोकळी सुटलेली मेंढरं गोळा करून आणायची वेळच येत नाही. आपल्याला पाहिजे ते राखणीचं कुत्रं. तुर्कस्तानचा कांगल, पिरेनीज डोंगरातला तो पांढरा ग्रेट पिरेनीज, ही सगळी राखणदार कुत्री, पिल्लू असतानाच कोकरांत वाढवतात म्हणजे ते कळपालाच आपलं घर मानतं. त्यांच्यात शिकारीच्या पायऱ्या जवळजवळ पुसल्यात, कोकरू अंगावरून उडी मारून गेलं तरी डोळा उघडत नाहीत. मामांच्या कुत्र्यांचं अगदी तसंच चाललं होतं, कोणी कोर्स न करता.

आणि दुसरं जे पाहिजे ते म्हणजे बांधाचं कुत्रं. इकडं उसाची लागण, तिकडं भुईमूग, मधनं मेंढरं न्यायची आणि एक पान तुटलं की भांडण पोलीस स्टेशनपर्यंत. याच्यासाठी जर्मनीत पद्धत आहे, मेंढरं चरतात आणि कुत्रं पिकाच्या कडेनं सरीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं ये-जा करत राहतं, चालतं-बोलतं कुंपण म्हणा. ते काम करणारी कुत्री म्हणजेच जर्मन शेफर्ड, मॅक्स फॉन स्टेफानित्झ नावाच्या तिथल्याच माणसानं १८९९ साली असल्याच मेंढरांच्या कुत्र्यांतून ही जात नावारूपाला आणली. आज कोल्हापुरात ताराबाई पार्कात बंगल्या-बंगल्याला तो गेटला बांधलेला दिसतो आणि पोस्टमनवर भुंकतो, त्याच्या पणजोबाचं काम काय होतं हे मालकाला माहीत नाही. फार्मवर पण दोन शेफर्ड आले होते ट्रेनिंगला, त्यांना कॉलीसारखं लांबून गोल फिरायला लावत होते. ते बिचारे सारखे कडेला जाऊन कडेकडेनं चालायचे आणि त्यांना ओरडा बसायचा! मी दादाला हे बोललो, तो म्हणाला तो कोर्स आमच्याकडं नाही. ठेवा ना मग! आपल्या भागात त्यालाच गिऱ्हाईक आहे.

बाकी बारीकसारीक. जागा स्वच्छ आहे, कुत्र्यांची घरं उंचावर, पाण्याच्या टाक्या रोज घासतात हे बघितलंय. कॉलीला अंगावर दुहेरी केस, त्यामुळं दुपारी काम घेत नाहीत, सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच, हे एकदम योग्य. गोचीड बघायला मात्र कोणी नव्हतं, मेंढरांत वावरलेल्या कुत्र्याला गोचीड लागणारच आणि गोचीडताप आपल्या हवेत लय वाईट, तेव्हा रोज संध्याकाळी कान, बगल, बोटांच्या मधे स्वतः हात घालून बघा. दुसरं, मेंढरांना जंतावर आयव्हरमेक्टिन टोचतात, तेच उरलेलं कुत्र्याला टोचू नका, कॉलीच्या घराण्यातल्या काही कुत्र्यांना ते जिवावर उठतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. आणि मेलेल्या मेंढराचं डोकं-काळीज कच्चं कुत्र्याला टाकायची सवय असेल तर बंद करा, कुत्र्याच्या पोटातले जंत मग परत मेंढरांत आणि माणसांत येतात.

स्टार द्यायचे तर मेंढरं आणि माणसाला शिकवायचा भाग यासाठी पाचपैकी साडेचार, शेळ्यांना अडीच, म्हशींना शून्य, जाहिरातीला पण शून्य. मेंढरं असतील, कॉली घरात पडून असेल तर डोळे झाकून जा. नुसत्या म्हशी असतील तर तेच पैसे पेंडीला घाला. राणीचं सध्या असं ठरलंय की मामांची मेंढरं आमच्या रानात बसली की सकाळी ती आणि भाचा तिथं जाणार, मामांनी एकदा तिचं काम बघितलं आणि म्हणाले कुत्रं हुशार हाय पण लय बघतंय, बकरी दचकतात, लांब ठेवा. ते लांब ठेवायचं काम चालू आहे.

जायचं असेल तर गमबूट घ्या, पावसाळ्यात रिंगणात गुडघाभर चिखल असतो. पार्किंगला जागा आहे. चहा चांगला, जेवण सांगून ठेवावं लागतं, नाहीतर येताना रंकाळ्यावर भेळ. रविवारी शक्यतो टाळा, रीलवाल्यांची गर्दी असते आणि दादा शिकवायचं सोडून त्यांना कॉलीबरोबर फोटो काढून देत बसतो.